७२ होम रन मारूनही मोठ्या लीगमध्ये कधीच न खेळलेला पेट्रोल पंपवाला

अमेरिकेतलं रॉसवेल म्हटलं की लोकांना उडती तबकडी आठवते. १९४७ साली तिथं आकाशातून काहीतरी कोसळलं आणि न्यू मेक्सिको राज्यातलं हे छोटं शहर जगभर गाजलं. त्यानंतर सातच वर्षांनी याच शहरातल्या एका पेट्रोल पंपवाल्यानं बेसबॉलमध्ये असा रेकॉर्ड केला, की तो मोडायला ४७ वर्षं लागली.

त्याचं नाव जो बाउमन.

१९२२ साली ओक्लाहोमात जन्मलेला जो सव्वासहा फुटांहून उंच, डावखुरा आणि ताकदीनं दांडगा. १९४१ मध्ये तो प्रोफेशनल खेळायला लागला, पण लगेच दुसरं महायुद्ध आडवं आलं. ऐन उमेदीची वर्षं नौदलात गेली. परत आल्यावर १९४६ मध्ये टेक्सासच्या अमारिलो टीमकडून त्यानं ४८ होम रन ठोकले. होम रन म्हणजे क्रिकेटमधल्या सिक्ससारखा, बॉल थेट कुंपणापार.

आता त्या काळातली सिस्टीम समजून घेऊ. सगळ्यात वर मेजर लीग, तिथं फक्त १६ टीम. तिच्याखाली मायनर लीगची उतरंड. १९४९ मध्ये देशात अशा तब्बल ५९ लीग होत्या. हजारो पोरं खालून वर चढायला धडपडायची आणि पगार किती द्यायचा हे मालक ठरवायचे.

बोस्टन ब्रेव्हजनं जोला घेतलं. १९४८ मध्ये हार्टफर्डला तो खेळला, पण फार चमकला नाही. पुढच्या वर्षी पगारावरून वाजलं. दिलेल्या पैशात खेळणं त्याला परवडेना. मोठ्या लीगची आस धरून कमी पगारावर राबण्यापेक्षा तो सरळ घरी परतला आणि ओक्लाहोमातल्या एल्क सिटीच्या सेमी-प्रो टीममध्ये खेळू लागला. मेजर लीगचा रस्ता तिथंच बंद झाला.

१९५२ मध्ये तो लाँगहॉर्न लीगमध्ये आला. ही उतरंडीतली खालून दुसरी पायरी. आर्टेशियाकडून त्यानं पहिल्या वर्षी ५० आणि दुसऱ्या वर्षी ५३ होम रन मारले. १९५४ मध्ये तो रॉसवेल रॉकेट्सकडे गेला. दिवसा पंपावर गाड्यांत पेट्रोल भरायचं आणि रात्री ग्राउंडवर उतरायचं. होम रन मारला की प्रेक्षक खूश होऊन कुंपणाच्या जाळीतून नोटा पुढे करायचे, त्याही तो गोळा करायचा. ही त्याची वरकमाई.

त्या सीझनमध्ये जो सुसाट सुटला. तेव्हा प्रोफेशनल बेसबॉलमध्ये एका सीझनचा रेकॉर्ड होता ६९. शेवटच्या दिवशी, ५ सप्टेंबरला, जोसुद्धा ६९ वर होता. त्या दिवशी दोन मॅच होत्या, त्याही आर्टेशियात, जुन्या टीमच्याच ग्राउंडवर. जास्त वेळा बॅटिंग मिळावी म्हणून तो सगळ्यात आधी उतरला आणि पहिल्याच इनिंगमध्ये सत्तरावा मारला. दुसऱ्या मॅचमध्ये आणखी दोन. एकूण ७२, आणि बॅटिंग ॲव्हरेज .४००.

रॉसवेल समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. विरळ हवेत बॉल लांब जातो. शिवाय समोरचे बॉलर खालच्या दर्जाचे. त्यामुळे या आकड्याला फारसं वजन नाही, असं म्हणणारे होते. पण त्याच हवेत, त्याच बॉलरसमोर बाकीचेही खेळत होते. ७२ पर्यंत कुणी पोहोचलं नाही.

तरीही वरून बोलावणं आलं नाही. जो ३२ वर्षांचा झाला होता. १९५६ मध्ये त्यानं खेळ सोडला, तेव्हा त्याच्या नावावर ३३७ होम रन होते. मेजर लीगमधला एकही नाही. पुढं तो रॉसवेलमध्येच राहिला.

२००१ मध्ये बॅरी बाँड्सनं मेजर लीगमध्ये ७३ मारले आणि जोचा रेकॉर्ड मोडला. मायनर लीगमध्ये मात्र ७२ चा आकडा आजही कायम आहे.

२००५ मध्ये रॉसवेलच्या स्टेडियमला त्याचं नाव देण्यात आलं. त्या कार्यक्रमात तो पडला, हाड मोडलं आणि काही आठवड्यांतच, २० सप्टेंबरला, वयाच्या ८३ व्या वर्षी तो गेला.

मायनर लीगमध्ये वर्षात सर्वाधिक होम रन मारणाऱ्याला त्याच्या नावानं पुरस्कार दिला जातो. त्यात प्रत्येक होम रनमागे २०० डॉलर मिळतात. हिशोब तोच, जाळीतून मिळणाऱ्या नोटांचा. फक्त आता चेकनं.