महाकवी फिर्दौसी

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी आजचे नालासोपारे हे कोकण किनाऱ्यावरील एक प्रसिद्ध बंदर होते. अरब व इराणी भूगोलकारांच्या ग्रंथांत ‘सुबारा’ या नावाने त्याचा उल्लेख आढळतो. त्याच काळी इराणातील तूस नगराजवळ एक कवी महाकाव्य रचण्यात गढून गेला होता. त्याचे नाव फिर्दौसी.

फिर्दौसीचा जन्म इ. स. ९४० च्या सुमारास एका जमीनदार घराण्यात झाला. अरबांच्या विजयानंतर इराणात अरबी ही विद्येची भाषा झाली होती. आपल्या प्राचीन राजांच्या व वीरांच्या कथा आपल्याच फारसी भाषेत गाव्यात, असा ध्यास त्याने घेतला. हे कार्य पूर्वी दकीकी नावाच्या कवीने आरंभिले होते. परंतु त्याचा खून झाल्याने ते अपुरे राहिले. फिर्दौसीने दकीकीच्या ओळी आदराने आपल्या काव्यात घेतल्या आणि पुढील रचना सुरू केली.

हे काम तीस वर्षांहून अधिक काळ चालले. त्या अवधीत त्याला दारिद्र्य आले. सदतीस वर्षांचा मुलगा डोळ्यांदेखत गेला. तरीही त्याने लेखणी खाली ठेवली नाही. इ. स. १०१० मध्ये सुमारे पन्नास हजार द्विपदींचा ‘शाहनामा’ पूर्ण झाला. पित्याच्या हातून अजाणता पुत्राचा वध होतो, ती रुस्तुम आणि सोहराब यांची करुण कथा याच ग्रंथातील आहे.

फिर्दौसीने हा ग्रंथ गझनीच्या सुलतान महमुदाला अर्पण केला. पुढची हकीकत दंतकथेच्या रूपाने चालत आली आहे. सुलतानाने सोन्याच्या नाण्यांऐवजी चांदीची नाणी पाठविली. अपमानित कवीने ती तेथल्या तेथे वाटून टाकली व गझनी सोडली. पुढे सुलतानाला पश्चात्ताप झाला. त्याने पाठविलेले मौल्यवान नजराण्याचे उंट तूसच्या एका वेशीतून आत येत होते, त्याच वेळी दुसऱ्या वेशीतून कवीची अंत्ययात्रा बाहेर पडत होती. त्याच्या मानी कन्येने तो नजराणा स्वीकारला नाही.

इ. स. १९३४ मध्ये फिर्दौसीच्या जन्माची सहस्राब्दी साजरी झाली. त्या निमित्ताने मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनीत ‘फिर्दौसी’ हा फारसी बोलपट तयार झाला. ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट काढणारे अर्देशिर इराणी हे या कंपनीचे चालक होते. बोलपटाचे दिग्दर्शन अब्दुल हुसेन सेपांता यांनी केले. परंतु त्यातील सुलतान महमुदाचे चित्रण इराणच्या शहाला रुचले नाही. त्यामुळे काही प्रसंग पुन्हा चित्रित करावे लागले.

सुलतानाचा अन्याय पडद्यावर सौम्य करता आला, तरी लोकांच्या स्मृतीतून तो पुसता आला नाही. तूसच्या वेशीवरची ती कथा इराणात आजही सांगितली जाते. सुलतानाचा नजराणा पोहोचण्यास उशीर झाला. पण कवीने आपले काम वेळीच पुरे केले होते. म्हणूनच फारसी भाषिक आजही ‘शाहनामा’ प्रेमाने वाचतात.