कार्व्हर आणि उधारीची वही

वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे हा माणूस १९८१ पासून मराठी घरांत आपलासा झाला. भुईमुगापासून शेकडो वस्तू करणारा शास्त्रज्ञ म्हणून मुले त्याला ओळखतात. मी बँकेत पीककर्जाचे अर्ज तपासले, म्हणून असेल. मला त्याच्या चरित्रात उधारीची वहीच आधी दिसते.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरीत गुलामीत जन्मला. तान्हेपणीच टोळीने त्याला आईसकट पळवले. मूल परत मिळाले. आई मात्र कायमची दुरावली. पुढे एका कॉलेजने रंग पाहून दारातूनच परत पाठवले. तरी आयोवाच्या कृषी महाविद्यालयातून १८९६ मध्ये एम.एस. होऊन कार्व्हर त्याच वर्षी अलाबामातील टस्कीगीच्या संस्थेत दाखल झाले.

तिथे पाहावे तिकडे कापूस! जमीन खंगलेली, कुळे कर्जात बुडालेली. दुकानदार बियाणे नि धान्य उधार देई, पण तारण म्हणून कापूसच मागे. कापूस हमखास विकला जातो, आणि कुळाला तो खाता येत नाही. पिकवणाऱ्यानेच पोटाला उधार आणायचे, असा हा न्याय.

कार्व्हरनी ही गाठ मातीकडून सोडवायला घेतली. चवळी आणि भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र मातीला मिळतो. विकतचे खत परवडत नाही, तर रानातला पालापाचोळा आणि दलदलीचा गाळ वापरा, असे ते शिकवत. त्यांच्या आराखड्यानुसार १९०६ मध्ये बियाणे-अवजारांनी भरलेली गाडी शेतकऱ्यांच्या दारी जाऊ लागली. १९१६ च्या पत्रिकेत त्यांनी भुईमुगाच्या १०५ कृती दिल्या. कोणाला ते स्वयंपाकाचे पुस्तक वाटेल. मला तो जमाखर्च वाटतो. जे शेतातून थेट चुलीवर येते, ते वहीत चढत नाही.

पीनट बटर त्यांनी शोधले, ही दंतकथाच. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या फार थोड्या वस्तू बाजारात टिकल्या. आणि जमीन दुसऱ्याची असलेल्या कुळाला पीक बदलायची मुभा तरी किती? ती वही एकट्या शास्त्रज्ञाला फाडता येण्याजोगी नव्हती.

आयुष्याची पुंजी संशोधनासाठी देऊन ५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर गेले. पीक बदला, हे शेतकऱ्याला सांगणे सोपे असते. त्याला पैसे देणाऱ्यालाही ते पटवावे लागते.