बाबासाहेबांना कोणत्या साच्यात बसवणार?

रावेरच्या आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली रोज बसतात. त्यांपैकी काहीजण मध्यंतरी एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला जाऊन आले. येताना प्रत्येकाने चार इंग्रजी अक्षरे सोबत आणली. प्रश्नावली भरली की माणूस सोळा प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो ते कळते, असे त्यांना सांगण्यात आले होते. एका हुशार मुलीला सल्ला मिळाला की, ती अंतर्मुख असल्याने तिने लोकांपुढे उभे राहण्याच्या कामाच्या वाटेला जाऊ नये. थोरामोठ्यांच्या यादीत बाबासाहेबही होते. एकांतप्रिय, तर्कनिष्ठ, योजनाबद्ध असा त्यांचा प्रकार ठरवून टाकलेला. हे खरे का, असे मुलांनी आम्हाला विचारले.

या विद्येचे मूळ स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या 1921 सालच्या ग्रंथात आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द त्यांच्यामुळेच रूढ झाले. माणसांवर चिठ्ठ्या चिकटवण्यासाठी मात्र त्यांनी ते मांडले नव्हते. पुढे अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी त्यावरून सोळा प्रकारांची चाचणी तयार केली. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा चाचणीला बसला, तर पुष्कळदा त्याचा प्रकार बदललेला निघतो. असो.

आता बाबासाहेबांकडे पाहू. 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेलेला हा विद्यार्थी ग्रंथालयात रमला. लंडनला तेच, मुंबईला तेच. दादरला राजगृह बांधले तेही ग्रंथांना जागा व्हावी म्हणून. एवढेच पाहिले तर एकांतप्रिय हा शिक्का बरोबर वाटेल. पण 20 मार्च 1927 रोजी महाडला हजारोंच्या पुढे चालत जाऊन चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे कोण? 1930 साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा करणारे कोण? हिंदू कोड बिलासाठी 1951 साली मंत्रिपदावर लाथ मारणारे कोण? आणि उतारवयात व्हायोलिन शिकायला बसणारे तरी कोण? हे चार माणसांचे चार प्रकार नव्हेत. हा एकच माणूस आहे.

आणखी मागे जाऊ. साताऱ्याच्या शाळेत लहानगा भीमराव वर्गात एका बाजूला, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत असे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. त्या दिवशी कोणी त्याच्या हाती प्रश्नावली दिली असती, तर हा मुलगा एकटा बसतो, कोणात मिसळत नाही, म्हणून अंतर्मुख, असाच निकाल लागला असता. पण तो एकटा बसत नव्हता, त्याला एकटे बसवले होते! व्यवस्थेने लादलेल्या अंतराला स्वभाव म्हणायचे, हा या मोजमापातील मोठा धोका आहे.

आपल्या खानदेशातलेच उदाहरण घ्या. ऑक्टोबर 1929 मध्ये बाबासाहेब सरकारी चौकशी समितीचे सदस्य म्हणून धुळ्याकडे आले होते. परतताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी एका रात्रीसाठी त्यांना उतरवून घेतले. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. पाहुण्याला पायी नेणे लोकांना अपमानाचे वाटले. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला बसला तो आपल्यातलाच एक, ज्याने टांगा कधी हाकलाच नव्हता. नदीच्या पुलावर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब खाली फेकले गेले, घोडा टांग्यासकट नदीत कोसळला. पाय मोडला. विलायतेच्या पदव्या मिळवलेला बॅरिस्टर आणि चार पैशांवर टांगा हाकणारा, यांत त्या टांगेवाल्याने बॅरिस्टरला खालचे मानले. त्याने बाबासाहेबांचा स्वभाव तपासला नाही, विद्वत्ता तपासली नाही. जन्माचा प्रकार पाहिला आणि विषय संपवला.

प्रकार ठरवण्याचा हा धंदा आपल्या देशाला नवा नाही. गुणकर्माच्या नावाने माणसांचे चार प्रकार येथे हजारो वर्षे चालले. 1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि सभाच रद्द झाल्यामुळे स्वतः छापलेल्या भाषणात बाबासाहेबांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो यानेही माणसांचे तीन वर्ग पाडले होते. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, प्रत्येक माणूस निराळा असतो, त्याच्यात नाना प्रवृत्ती एकाच वेळी नांदतात; मोजक्या कप्प्यांत माणसे कोंबणे म्हणजे माणसाकडे वरवर पाहणे होय. म्हणजे ज्या महामानवाने कप्पेच नाकारले, त्यालाच आज कप्प्यात बसवणे चालू आहे!

सोळा प्रकार म्हणजे चातुर्वर्ण्य, असे आम्ही म्हणत नाही. ते जन्माने चिकटत नाहीत, त्यामागे धर्मग्रंथांचा धाक नाही. स्वतःला समजून घेण्यासाठी कोणी प्रश्नावली भरली, तर आमची हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या पायरीला. प्रकारावरून कोणी काय करावे आणि काय करू नये, हे दुसऱ्याने ठरवायचे, तिथे आमच्या मुलांनी सावध झाले पाहिजे. आपल्या आजोबा-पणजोबांचे काम असेच दुसऱ्याने ठरवलेले होते.

त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले की, 14 एप्रिलला अभ्यासिकेच्या कार्यक्रमात भाषण तू करायचे. पाय लटपटतील, लटपटू दे. गोणपाटावर बसवलेला मुलगा पुढे देशाच्या संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. त्याचा प्रकार कोणता होता, याची चौकशी आपल्याला हवी कशाला? 

जय भीम!