रेवदंड्याशेजारच्या नागावचे केरूनाना छत्रे, फंक्शनचं गणित आणि महिनाभर आधी येणारे गणपती

रेवदंड्याच्या खाडीला भरती किती वाजता येणार, हे काढायला ॲप लागत नाही. कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, उत्तर म्हणजे भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या आसपास. अष्टमीला सहा.

यालाच गणितात फंक्शन म्हणतात, मराठीत फलन. एक आकडा आत, ठरलेला नियम, एक आकडा बाहेर. अट एकच, आत एक आकडा टाकला की उत्तरही एकच यायला पाहिजे. उलटं मात्र चालतं. शुद्ध चतुर्थी टाका नाहीतर वद्य चतुर्थी, दोन्हीचं उत्तर तीनच.

शाळेत ‘एफ ऑफ एक्स’ बघून अनेकांना घाम फुटायचा, कारण तो गुणाकार वाटतो. तो गुणाकार नाहीच. एफ हे नियमाचं नाव आणि कंसातला एक्स म्हणजे आत टाकलेला आकडा. ही लिहायची पद्धत 1730 च्या दशकात ऑयलर या गणितज्ञाने वापरात आणली. नियमाला नाव कशाला हवं, तर नियम एकापेक्षा जास्त असले की कोणता वापरला ते सांगावं लागतं म्हणून. आणि याच गोष्टीवरून महाराष्ट्रात पंचांगांचा मोठा वाद झाला. त्याच्या केंद्रस्थानी होते केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना.

रेवदंड्याहून अलिबागकडे निघालं की चौल ओलांडून नागाव लागतं. 1820 च्या दशकात केरूनानांचा जन्म इथला. शिकायला ते मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये गेले. तिथे प्राध्यापक ऑर्लेबार आणि दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे गणित शिकले. किशोरवयातच त्यांना कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरी लागली. (नागावचा जिल्हा पुढे कुलाबा म्हणूनच ओळखला गेला, पण हा कुलाबा मुंबईतला.) तिथे सुमारे दहा वर्षं रोजच्या रोज नोंदी घेणं, आकडे तपासणं, कोष्टकं भरणं हेच काम. कंटाळवाणं वाटेल, पण माणूस इथेच घडला.

1851 नंतर ते पुण्यात शिकवू लागले आणि पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. अंकगणित आणि पदार्थविज्ञानाची पाठ्यपुस्तकं त्यांनी मराठीत लिहिली. बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी. हे सगळं मोठंच आहे, पण त्यांचं खरं काम पंचांगातलं.

त्या काळी महाराष्ट्रातली पंचांगं ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार व्हायची. तो लिहिला गणेश दैवज्ञांनी, आणि ते होते नांदगावचे. रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लई, काशीद मागे टाकलं की येतं तेच हे नांदगाव. ग्रंथ 1520 सालचा. ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साइन, न वापरता साध्या बेरीज-गुणाकारात ग्रह काढून देणारा. जोश्यांना तो सोपा पडला आणि तीनशे वर्षं चालला. पण तीनशे वर्षांत बारीक चुका साचत गेल्या आणि पंचांगातले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळेनात.

केरूनानांनी युरोपातल्या नव्या कोष्टकांच्या आधारे सगळं पुन्हा मांडलं. 1860 मध्ये त्यांचं ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक आलं. कोष्टक म्हणजे छापील फंक्शनच. आपल्या ज्योतिष्यांकडे त्यासाठी आधीपासून शब्दही होते. कोष्टकात जो आकडा घेऊन शिरायचं तो ‘केंद्र’ आणि जो घेऊन बाहेर पडायचं ते ‘फल’. सूर्याचं केंद्र शून्य अंश असेल तर मंदफल शून्य. 180 अंशांनाही शून्य. 90 च्या आसपास ते सर्वांत जास्त, साधारण दोन अंश. हेच फ(क) असं लिहिलं की झालं, क म्हणजे केंद्र आणि फ म्हणजे फल काढायचा नियम.

आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने 1865 च्या सुमारास या गणिताचं पंचांग निघू लागलं. लोक त्याला पटवर्धनी किंवा केरोपंती पंचांग म्हणायचे. ग्रह नीट मिळत होते, मग वाद कशाचा?

वाद होता राशीचक्र कुठून मोजायचं याचा. संपातापासून सूर्य किती अंशांवर आहे तो आकडा घ्यायचा आणि त्यातून अयनांश वजा करायचे. जुन्या पंचांगांत तेव्हा साधारण 22 अंश वजा व्हायचे. केरूनानांनी रेवतीतला झीटा पिशियम हा तारा आरंभ मानला, त्यामुळे त्यांचे आले 18. म्हणजे फ(क्ष) = क्ष − 22 आणि ग(क्ष) = क्ष − 18. क्ष तोच, सूर्य तोच, उत्तरं दोन. दोन्ही फलनं आपापल्या जागी चोख, पण एकाच घरात दोन्ही चालवता येत नाहीत.

गंमत म्हणजे यात तिथी बदलत नाही. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर. दोघांतूनही 22 वजा केले काय किंवा 18, अंतर तेवढंच राहतं. त्यामुळे भरतीचा हिशेबही शाबूत. बदलते ती संक्रांत. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून चार अंशांच्या फरकाने संक्रांत चार दिवस आधी येते. आणि ज्या चांद्रमहिन्यात संक्रांत नाही तो अधिक महिना. म्हणजे या चार दिवसांत अमावास्या सापडली की अख्खा महिना बदलतो.

जुनी चाल मानणाऱ्यांना हे पटणं अवघडच होतं. सणच हलणार म्हटल्यावर कोण तयार होईल? हे पंचांग फार थोड्यांनी स्वीकारलं. 1877 मध्ये केरूनानांना रावबहादूर किताब मिळाला, 1879 मध्ये ते निवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 ला गेले. पुढे रेवतीपासूनच्या मोजणीचा आग्रह त्यांच्या विद्यार्थ्याने धरला, आणि त्या पंचांगाला आज आपण टिळक पंचांग म्हणतो.

2023 चंच बघा. रेवतीच्या हिशेबाने सूर्य 13 ऑगस्टच्या सुमारास सिंह राशीत गेला, इतर पंचांगांत 17 ऑगस्टला. मधे 16 तारखेला अमावास्या झाली. त्यामुळे दाते पंचांगात तो संपलेला महिना अधिक श्रावण ठरला आणि टिळक पंचांगात साधा श्रावण. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत 20 ऑगस्टला गणपती बसले. बाकीच्यांकडे ते आले 19 सप्टेंबरला.