डॉ. कमला सोहोनी

मी आज एका मोठ्या शास्त्रज्ञ बाईंची माहिती सांगते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. माहेरचं आडनाव भागवत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले होते. त्यामुळे कमलाबाईंनाही तीच गोडी लागली.

१९३३ साली त्या मुंबईला बी.एस्सी. झाल्या. पुढे शिकायला बंगलोरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून नाही म्हटलं. पण कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. स्वतः तिथे गेल्या आणि हट्ट धरला. मग एक वर्ष काम बघून ठरवायचं, असं झालं. त्यांनी इतकं चांगलं काम केलं, की पुढे त्या संस्थेचं दार मुलींना उघडलं. तिथे त्यांनी दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. नंतर त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. १९३९ साली पीएच.डी. घेऊन त्या भारतात परत आल्या.

कुन्नूरच्या प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केलं. लग्नानंतर मुंबईला आल्या. तिथे नीरा तपासली. नीरा म्हणजे ताडाचा, शिंदीचा गोड रस. गरिबाच्या मुलाला त्यातून काय मिळतं, हे त्यांना पाहायचं होतं. त्यात क जीवनसत्त्व आणि लोह सापडलं. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं.

आता एक गंमत. कमलाबाई बी.एस्सी. झाल्या, त्याच १९३३ साली शास्त्रज्ञांनी क जीवनसत्त्व प्रयोगशाळेत बनवलं. लिंबातलं आणि गोळीतलं क जीवनसत्त्व अगदी एकच असतं. आतड्यातून रक्तात जाताना शरीर दोघांत फरक करत नाही. पण लिंबात, आवळ्यात बाकीचंही पुष्कळ असतं, ते गोळीत नसतं.

आमच्या घरी यावरून लय वाद झाला. ताईचं रक्त कमी भरलं, म्हणून दवाखान्यातून गोळ्या दिल्या. आजी म्हणे गोळ्या औषधी कारखान्यातल्या, त्यापेक्षा भाजी खा. मी बाईंना विचारलं. बाईंनी समजावून सांगितलं. त्या गोळीत लोह असतं आणि फोलिक आम्ल असतं. फोलिक आम्ल म्हणजे ब गटातलं जीवनसत्त्व, पण माणसाने बनवलेलं. पालेभाजीत ते दुसऱ्या रूपात असतं. आणि खरं म्हणजे बनवलेलंच शरीर जास्त सहज शोषून घेतं! भाजीतलं लोह मात्र शरीराला थोडंच लागतं. त्यावर लिंबू पिळलं तर जास्त लागतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी लागतं.

आता ताई डॉक्टरांनी सांगितली तेवढीच गोळी घेते, आणि आजी तिच्या ताटात हरभऱ्याची भाजी आणि लिंबाची फोड वाढते. दोघींचंही खरं झालं.

१९९८ साली कमलाबाई वारल्या. त्याच वर्षी १ जुलैला आपला वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. झाडावरचं म्हणून चांगलं आणि कारखान्यातलं म्हणून वाईट, असं कमलाबाईंनी धरलं नाही. त्यांनी तपासून पाहिलं. मित्रांनो, शाळेत लोहाची गोळी मिळते, ती खिडकीबाहेर टाकू नका. आणि डब्यातली भाजीही टाकू नका.