धर्मग्रंथ श्रेष्ठ की धर्माधिकारी?

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. धर्मांतरानंतर आपल्या नव्या धर्मातील वडीलधाऱ्यांशी त्यांनी जो वाद घातला, त्याविषयी त्या मानाने थोडेच. वस्तुतः रमाबाईंचा स्वभाव समजून घेण्यास हा दुसरा वादच अधिक उपयोगी आहे.

त्याचे मूळ त्यांच्या माहेरी सापडते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, म्हणून त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला आणि त्यांनी तो ग्रंथांतील आधार दाखवूनच दिला. रूढी सांगणाऱ्यासमोर पोथी उघडून ठेवावी, हा धडा १८५८ साली जन्मलेल्या या मुलीला घरातच मिळाला. तथापि वेद स्त्रीने वाचू नयेत, हे बंधन अनंतशास्त्र्यांनीही मानले होते. दुष्काळात आईवडील गेले, भावासह देशभर पायपीट झाली आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचा 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरव केला. तेथेच केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली. जे वाचावयाचे नाही म्हणून सांगितले होते ते वाचले, आणि सांगणाऱ्यांवरील उरलीसुरली श्रद्धा ढळू लागली.

१८८३ साली विधवा रमाबाई लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहून त्यांनी त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी बाप्तिस्मा घेतला. आता ही विदुषी चर्चच्या शिस्तीत निमूटपणे वागेल, अशी मठाची अपेक्षा होती. ती फोल ठरली. त्रैक्याचा सिद्धांत बायबलमध्ये नेमका कोठे सांगितला आहे, असे त्या विचारू लागल्या. अथानासियसच्या नावाने चालणारा मतांगीकार मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. क्रूसावरील लॅटिन अक्षरांऐवजी त्यांना संस्कृत अक्षरे हवी होती. अंडे घातलेले पुडिंग खाण्याचे नाकारले, तर तो जुन्या जातीचा अहंकार ठरविण्यात आला. पण अंडे खाल्ल्यावाचून ख्रिस्ती होता येत नाही, असे कोणत्याही शुभवर्तमानात लिहिलेले नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांचा प्रतिकूल अभिप्राय आला. वडील व भाऊ यांच्या देखत पुरुषांच्या सभांत पुराण सांगत हिंडलेल्या या बाईला त्या आक्षेपाचे नवल वाटले असेल तर आश्चर्य नाही.

या काळात निवारा, शिक्षण आणि मुलीचे संगोपन यांसाठी रमाबाई बव्हंशी याच मंडळींवर अवलंबून होत्या. परदेशात, पोरक्या अवस्थेत, आश्रयदात्यांना नकार देणे ही सोपी गोष्ट नव्हे. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता होत्या. दोघींच्या पत्रव्यवहारात माया आणि दटावणी एकाच शाईने लिहिलेली दिसते. रमाबाईंचा मुद्दा असा होता की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आपण दुसऱ्याच्या जोखडात मान देण्यासाठी आलेलो नाही. देवाचे वचन वाचून आपल्या सदसद्विवेकाला जे पटेल तेवढेच बंधनकारक. सिस्टर जेराल्डीन यांची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. बायबलात कोणते ग्रंथ असावेत हे ठरविले चर्चच्या परंपरेनेच, आणि प्रत्येक वाचक स्वतःचा धर्मगुरू झाल्यास पंथांना अंत राहणार नाही, ही भीती इतिहासाने खोटी ठरविलेली नाही. परंतु रमाबाईंची जिज्ञासा हट्टापोटी नव्हती, याला पुरावा आहे. ज्या ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी त्या शंका घेत होत्या ते त्यांनी पुढे मान्य केले. तेही कोणाच्या दटावणीने नव्हे.

१८८९ साली मुंबईत निघालेले आणि पुढे पुण्यास गेलेले शारदा सदन, १८९३ चा गदारोळ, दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगावी उभे राहिलेले मुक्ती सदन, हा भाग सर्वश्रुत आहे. मुक्तीत मात्र वडीलकीच्या जागी स्वतः रमाबाईच होत्या. तेथील शेकडो मुलींपैकी एखादीने त्यांनाच उलट प्रश्न विचारला असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

बहुधा या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच त्यांच्या अखेरच्या पर्वातील कामाकडे पाहता येईल. प्रचलित मराठी बायबलाची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बाईला कळत नाही, तेव्हा तिला दुसऱ्याने अर्थ सांगेपर्यंत थांबावे लागते. म्हणून उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबलाचे भाषांतर साध्या मराठीत एकटीने करण्यास बसल्या. सहजशैलीच्या दृष्टीने ते भाषांतर अनेक ठिकाणी अवघडलेले आहे; हिंदू धर्मकल्पनांचा वास येणारे शब्द टाळण्याचा त्यांचा आग्रह कधी कधी अतिरेकाला जातो. पण आवारातच छापखाना होता, आणि खिळे जुळविणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले. मराठी चर्चमध्ये मात्र ते रुळले नाही; उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले.