अधिकार गेला, कार्य राहिले : तंजावरचे सरफोजीराजे

हाताला काम नसणे हा मनुष्याच्या आयुष्यातील मोठा कसोटीचा काळ होय. काम असते तेव्हा वेळेचे बंधन बाहेरून येते, हिशेब विचारणारा कोणी तरी असतो आणि दिवस आपोआप नियमात राहतो. काम नसते तेव्हा हा नियम स्वतःच स्वतःला घालून घ्यावा लागतो. पुष्कळांचा धीर येथेच सुटतो. काम मिळाल्यावर परिश्रम करू, असे म्हणत ते दिवस घालवितात आणि काम मिळते तेव्हा परिश्रमाची सवयच उरलेली नसते. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले यांच्या आयुष्यात असा रिकामेपणाचा प्रसंग दोनदा आला. दोन्ही वेळा त्यांनी काय केले, हे पाहण्याजोगे आहे.

छत्रपती शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठ्यांचे राज्य स्थापिले. त्याच भोसले कुळात १७७७ साली सरफोजींचा जन्म झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. त्यांनी १७८७ च्या आरंभी या मुलास दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. दहा वर्षांच्या बालकाच्या वाट्याला राज्य येणार होते, पण आला तो वाद. पंडितांचे मत घेऊन दत्तविधान अशास्त्र ठरविण्यात आले आणि तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर बसले. ज्या राजवाड्यात युवराज म्हणून वाढावयाचे, तेथेच सरफोजी उपेक्षेत राहू लागले. त्यांच्या शिक्षणाचीही आबाळ झाली.

तुळजाजींनी मुलाचा सांभाळ ज्यांच्यावर सोपविला होता, ते श्वार्ट्झ नावाचे जर्मन धर्मोपदेशक होते. त्यांनी कंपनी सरकारकडे खटपट केली आणि १७९३ साली सरफोजींना व तुळजाजींच्या राण्यांना मद्रासेस नेण्यात आले. तेथे गेरिके नावाच्या गुरूपाशी सरफोजींचे अध्ययन नीट सुरू झाले. राज्य मिळेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यासंबंधीचे अर्ज आणि शास्त्रार्थ मोठी माणसे करीत होती. विद्यार्थ्याच्या हाती होता तो फक्त आजचा पाठ, आणि तो त्यांनी मन लावून केला. इंग्रजी भाषा, युरोपातील शास्त्रे व इतिहास यांचा त्यांनी अभ्यास केला. गुरू परधर्मीय असूनही त्यांनी स्वधर्म सोडला नाही, आणि स्वधर्मी राहूनही गुरूंचे ऋण ते विसरले नाहीत. श्वार्ट्झ यांच्या मृत्यूनंतर त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करविले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

पुढे दत्तविधान सशास्त्र असल्याचा निर्णय झाला आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजींचा राज्याभिषेक झाला. अकरा वर्षांच्या प्रतीक्षेचे फळ हाती आले. पण ते टिकले सोळा महिने. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षास एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. बावीस वर्षांच्या तरुणाला पदवी होती, मिळकत होती, फक्त काम नव्हते. अशा स्थितीत कित्येक संस्थानिक विलासात बुडाले. दरिद्री माणसाला रिकामपण उपाशी ठेवते, तर श्रीमंताला ते पोखरून टाकते.

सरफोजींनी गमावलेल्या कामासाठी झुरत न बसता उरलेले काम शोधले. तंजावर प्रांतात रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी छत्रे म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळा होत्या. राज्य गेले तरी ही छत्रे आपल्याकडे राहावीत म्हणून १८०१ साली त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटास पत्र लिहिले. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध आणि मुलांना विद्या तेथे कशी मिळते, याचे त्यात वर्णन आहे. सत्ता परत मागण्याऐवजी सेवा आपल्याकडे ठेवण्याची ही मागणी होती. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाछत्र त्यांच्याच काळातील होय.

राजवाड्यातील सरस्वती महाल या ग्रंथालयाची मुळे नायक राजांच्या काळातील आहेत. सरफोजींनी त्याचे भांडार केले. ते १८२० साली काशीयात्रेस निघाले, तेव्हा तीर्थयात्रेसमवेत हस्तलिखितांचा संग्रह आणि काशीच्या घाटांची चित्रे ही कामेही झाली. युरोपातून त्यांनी हजारो ग्रंथ मागविले. त्यांतील पुष्कळांवर त्यांची सही आहे. आज या ग्रंथालयात सुमारे ४९,००० हस्तलिखिते आहेत.

त्यांनी १८०५ साली देवनागरी छापखाना काढला. तेथून दुसऱ्याच वर्षी इसापाच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने निघाले. मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभकाळातील हे पुस्तक होय. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास सांगणारा विस्तीर्ण मराठी शिलालेख त्यांनी कोरविला.

त्यांच्या कार्यपद्धतीचा सर्वांत चांगला दाखला धन्वंतरी महालात मिळतो. तेथे देशी व युरोपीय वैद्यकाचा एकत्र अभ्यास होई आणि औषधे पारखून घेतली जात. नेत्ररोग्यांची टिपणे ठेवलेली असत. त्यांत रोग्याचे नाव, लक्षणे व उपचार लिहिलेले असून डोळ्यांची रंगीत चित्रेही काढलेली आहेत. हा तपशील ठेवण्याची सक्ती राजांवर कोणी केली नव्हती. वरिष्ठ पाहत नसताना केलेली नोंदच मनुष्याची कामावरील खरी निष्ठा दाखविते.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांचे देहावसान झाले. पुढे १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी वारले आणि नामधारी राज्यही संपले. कंपनीने घेतले ते गेले. सरफोजींनी श्रमाने उभारले ते राजवाड्याच्या आवारात आजही विद्वानांच्या उपयोगी पडत आहे.

गीतेचा कर्मयोग पदावर बसलेल्यांसाठीच आहे, असे नाही. अर्ज पाठवून उत्तराची वाट पाहणाऱ्या तरुणालाही तो तितकाच लागू आहे. नेमणूक होणे त्याच्या हाती नाही. परंतु पहाटे वेळेवर उठणे, रोज नेमाने एखादी विद्या वाढविणे, घरातील किंवा शेजारचे काम अंगावर घेऊन ते नीटनेटके पुरे करणे, केलेल्याचा हिशेब खरा ठेवणे, हे सर्व त्याच्याच हाती आहे. असे करणाऱ्याला काम केव्हा मिळेल, हे सांगता येत नाही. पण ज्या दिवशी ते मिळेल, त्या दिवशी तो कामाला नवखा असणार नाही. आई-वडिलांनीही अशा मुलास रिकामा म्हणून टोचू नये. त्याच्या नेमास हातभार लावावा. दिवस व्यर्थ न घालविणारा मनुष्य बेकार असला तरी निरुद्योगी नसतो.